पाय ‘नुसता मुरगळलाय’ म्हणण्याआधी चार पावलं टाकून बघा

अबोली

जुलैमधली गोष्ट. संध्याकाळचे सव्वासात, दादर, पाऊस धो धो. पुलाच्या जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या होत्या, मागून गर्दीचा रेटा आला आणि माझा डावा पाय आत वळला. अख्खं वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर आलं. ‘कट्’ असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. जिन्याखाली बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी क्रेट उलटा करून बसायला दिला, पाणी दिलं. दहा मिनिटांनी मी टाचेवर भार देत देत उतरले आणि लेडीज डब्यात दारापाशी उभी राहून मुलुंड गाठलं.

घरी आल्यावर जे सगळ्यांकडे होतं तेच झालं. सासूबाईंनी आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून गरम लेप लावला. जवळच्या दवाखान्यात पायाला हात न लावताच ‘मुरगळलाय, चार दिवसांत उतरेल’ असं सांगून गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी मालीश करून दिली, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्यांनी मायेनंच केलं, म्हणून मीही काही बोलले नाही. आठ दिवस टाचेवर चालले. सूज उतरली, पण करंगळीखालून घोट्याकडे जाणारी कडा काळीनिळी ती काळीनिळीच.

नवव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी मोजा काढायला सांगितला. मग अंगठ्याने घोट्याच्या वरपासून हाड दाबत दाबत खाली आले. ‘इथे?’ नाही. ‘इथे?’ थोडं. घोट्याचं टोक संपलं, तिथेही फारसं नाही. पावलाच्या बाहेरच्या कडेला, साधारण मध्यावर, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. तिथे अंगठा टेकला मात्र, मी त्यांचं मनगटच धरलं. एक्स-रे काढायच्या आधीच ते म्हणाले, इथलं हाड तुटलंय. आणि तुटलंच होतं. करंगळीमागच्या लांब हाडाचा, म्हणजे पाचव्या मेटाटार्सलचा बुंधा.

सहा आठवडे वॉकिंग बूट, म्हणजे प्लास्टरऐवजी घालायचा कडक बूट, नंतर व्यायाम. आता बरी आहे. पण अंगठ्याने दाबून बघण्याची ती दोन मिनिटं पहिल्याच दिवशी कुणी दिली असती, तर आठ दिवस तुटक्या हाडावर चालले नसते. म्हणून धागा काढतेय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी नीट लिहा, आणि ज्यांच्यावर बेतलंय त्यांनीही लिहा.

परळकर

अबोली, चांगला धागा काढलास. मी फिजिओथेरपिस्ट आहे, २२ वर्षं हेच काम करते. पावसाळ्यात आमच्याकडे येणारे निम्मे पाय असेच असतात: ओला जिना, उखडलेले पेव्हर ब्लॉक, पाण्याखाली न दिसलेला खड्डा.

तुझ्या डॉक्टरांनी जे केलं त्याला नाव आहे, ऑटवा नियम. कॅनडातल्या ऑटवा शहरात इयन स्टिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ते मांडले. मुरगळलेल्या प्रत्येक पायाचा एक्स-रे काढायची गरज नसते, पण कुणाचा काढायलाच हवा हे हाताने ठरवता येतं, एवढाच त्यांचा मुद्दा. घरी लक्षात ठेवायला सोपं आहे.

घोटा दुखत असेल तर बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही घोट्यांची मागची कडा टोकापासून वर सुमारे ६ सेंटीमीटरपर्यंत बोटाने दाबत जा. टोकही दाबा. मांस नाही, हाड दाबायचं. पावलाचा मधला भाग दुखत असेल तर दोन जागा: अबोलीने सांगितलेला तो बाहेरचा उंचवटा, आणि पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरचं, घोट्याच्या थोडं पुढचं हाड. यातल्या एका जरी ठिकाणी हाडावर दाबल्यावर कळ आली तर एक्स-रे.

आणि चार पावलं. पडल्या पडल्या चार पावलं टाकता आली का? आता, तपासायच्या वेळी, येतात का? लंगडत टाकली तरी चालेल, पण भार दोन्ही पायांवर आलटून पालटून यायला हवा. दोन्ही वेळा जमत नसेल तर हाड दुखो न दुखो, एक्स-रे. ‘चालता येतंय म्हणजे मोडलं नाही’ ही समजूत मात्र खरी नाही. अबोली दादरपासून मुलुंडपर्यंत गेलीच की. चालणं आणि दाबणं, दोन्ही बघायचं असतं.

हे नियम मोठ्या माणसांसाठी. लहान मुलांत लिगामेंटपेक्षा वाढीच्या टोकाचं हाड कच्चं असतं, तिथे डॉक्टरांकडे लवकर जा. ज्यांच्या पायाला संवेदना कमी आहे त्यांनाही हे लागू नाही, कारण दाबलेलं त्यांना कळतच नाही. आणि पाय वाकडा दिसतोय, बोटं थंड किंवा पांढरी पडलीत, बधिर झालीत, हाडाजवळ जखम आहे, तर दाबून बघत बसू नका. पाय आहे तसा उशीला टेकवा आणि १०८ ला फोन करा.

निवांत

परळकर ताई, मग मुरगळणं म्हणजे नेमकं होतं काय? लचक, मोच, लिगामेंट हे सगळं एकच का?

परळकर

बोलताना एकच. पाऊल आत वळतं तेव्हा बाहेरच्या घोट्याच्या पुढून जाणारा लिगामेंट ताणतो. हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा तो. सगळ्यात आधी तोच जातो. नुसता ताणला तर आठ-पंधरा दिवस, अर्धवट फाटला तर तीन ते सहा आठवडे, पूर्ण फाटला तर तीन महिनेही लागतात. अबोलीच्या बाबतीत त्या झटक्यात पोटरीकडून येणाऱ्या स्नायूच्या कंडरेने, म्हणजे टेंडनने, हाडाचा तुकडा ओढून काढला असणार. तो बहुतेक वेळा बुटात चालत चालतच जुळतो. त्याच हाडावर थोडं पुढे, बोटांकडे फ्रॅक्चर झालं तर गोष्ट वेगळी. तिथे रक्तपुरवठा तोकडा असतो, हाड जुळायला रडवतं, कधी स्क्रू घालावा लागतो. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जननी १९०२ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यांना ते नाचताना स्वतःच्याच पायाला झालं होतं. म्हणून ‘पाचवं मेटाटार्सल’ एवढंच कळून थांबू नका, बुंधा की त्याच्या पुढे, हे डॉक्टरांना विचारा.

रानवाटा

ट्रेकचं सांगतो. राजमाचीहून कोंढाण्याच्या लेण्यांकडे उतरताना आमच्यातल्या एकाचा पाय दगडात अडकला आणि शरीर गरकन फिरलं. पाय आत वळला नव्हता, बाहेर फिरला होता. घोट्याला सूज अगदी मामुली, त्यामुळे आम्हीही फार मनावर घेतलं नाही. पण त्याला दुखत होतं घोट्याच्या वर, नडगीच्या खालच्या भागात पुढून. पोटरी दोन्ही बाजूंनी दाबली की कळ खाली जायची. नंतर कळलं की पायाच्या दोन हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा फाटला होता. साध्या लचकेच्या दुप्पट वेळ गेला.

तेव्हापासून आमचा नियम: सूज किती यापेक्षा दुखतंय नेमकं कुठे आणि पाय वळला कुठल्या दिशेने, हे तिथल्या तिथे विचारून ठेवायचं. संध्याकाळपर्यंत माणूस विसरतो. अजून उतरायचं बाकी असेल तर बूट काढू नका, नाडी सैल करा. एकदा काढला की सुजलेला पाय परत आत जात नाही. बोटं बधिर व्हायला लागली तर मात्र काढायचाच.

चौथी सीट

मी डोंबिवलीहून. धागा वाचून अंगावर काटा आला म्हणून लिहितोय. बाबा ६८ वर्षांचे, १७ वर्षं मधुमेह. दहा दिवसांपासून उजवं पाऊल सुजलंय, लालसर आहे, हात लावला तर डाव्यापेक्षा गरम लागतं. कुठे पडल्याचं आठवत नाही. दुखत फारसं नाही, त्यामुळे रोज बाजारात जाऊन येतात. एकांनी युरिक अ‍ॅसिड म्हणून गोळ्या दिल्या, फरक नाही. ताप नाही, जखम नाही. काय करावं?

परळकर

दादा, बाकीचं नंतर वाचा. बाबांना आत्तापासून त्या पायावर चालू देऊ नका. बाथरूमलाही आधार देऊन, शक्य तर व्हीलचेअरवर. उद्या सकाळी हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा मधुमेहींच्या पायांच्या ओपीडीत न्या. आज रात्री ताप आला, जखम दिसली किंवा लाली वर चढायला लागली तर रात्रीच.

मी इथून निदान करू शकत नाही. पण जुना मधुमेह, एकच पाय गरम, लाल, सुजलेला, आणि त्या मानाने दुखणं कमी, अशा पायाला शार्कोचा पाय नाही ना हे आधी बघायचं असतं. नसा बधिर झाल्यामुळे माणूस बारीकसारीक मोडलेल्या हाडांवर चालत राहतो आणि पावलाची कमान आतून ढासळते. सुरुवातीला एक्स-रे चांगला येऊ शकतो, तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर समाधान मानू नका, एमआरआय लागेल का ते विचारा. हाच पाय जंतुसंसर्ग म्हणून, युरिक अ‍ॅसिड म्हणून किंवा लचक म्हणून घालवला जातो. वेळेत प्लास्टर लागलं आणि भार काढला तर पायाचा आकार वाचतो.

शेक, मालीश, गरम पाण्याची बादली, काहीही नको. त्यांना चटका बसलेला कळणार नाही.

चौथी सीट

ताई, खूप आभार. उद्या रजा टाकतो. आईला सांगितलंय, बाबा ऐकायला तयार नाहीत, पण त्यांच्या चपलाच उचलून ठेवल्यात.

लालबाग

मी सात वर्षं गोविंदा पथकात चौथ्या थरावर चढायचो. सरावाला एकदा थर कोसळला आणि मी सरळ दोन्ही टाचांवर आलो. टाच इतकी दुखत होती की पाठीकडे माझं लक्षच नव्हतं. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी टाचेचा एक्स-रे सांगितला आणि सोबत कमरेचाही सांगितला. उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाचा मणका बघायचाच असतो म्हणाले. माझा मणका ठीक होता, टाच फुटली होती. आमच्या पथकातल्या सगळ्यांना मी हे सांगतो: टाचांवर पडलेल्याला ‘उठ, चालून बघ’ म्हणून उभं करू नका.

निवांत

बर्फ की शेक? आमच्या घरी यावरून दर वेळी वाद. आणि लेपाचं काय?

परळकर

पहिले दोन-तीन दिवस शेक नको, मालीश नको, दारू नको, धावाधाव नको. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, त्या या सगळ्याने आणखी वाहतात.

बर्फाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मतं बदलली आहेत. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ही चौकडी अमेरिकेतले डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केली. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती, दोन्हींमुळे भरून येणं लांबू शकतं. मी आज काय सांगते? ठणका असेल तर पहिल्या दोन दिवसांत बर्फ जरूर लावा, दर दोन-तीन तासांनी १५ मिनिटं, कपड्यात गुंडाळून. फ्रीजरमध्ये गोठलेली दुधाची पिशवी यासाठी उत्तम, घोट्याभोवती छान बसते. त्याने दुखणं कमी होतं, पण लिगामेंट लवकर जुळतो असं नाही. मधुमेहात पाय बधिर असेल तर बर्फही नको.

क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळत न्या, टाच उघडी सोडू नका, तिथेच सूज साठते. बोटं निळसर दिसली किंवा मुंग्या आल्या तर सोडून परत बांधा. रात्री काढा. पाय छातीच्या पातळीच्या वर हवा, म्हणजे आडवं पडून खाली दोन उशा. खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय त्यात मोडत नाही.

लेप लावायचा तर गार लावा, जखमेवर नको, आणि त्याच्यावर विसंबून एक्स-रे टाळू नका. आजीच्या मायेला माझा विरोध नाही, पण हाड तपासून झाल्यावर. दुखण्यासाठी आधी पॅरासिटामॉल. किडनीचा, अल्सरचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयबुप्रोफेन वगैरे मनाने घेऊ नका. आणि बूट किंवा प्लास्टर असताना पोटरी सुजून दुखायला लागली तर गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवा. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट अपघात विभाग.

पहाटधाव

न पडता होणारी इजा कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी ऑक्टोबरपासून मरीन ड्राइव्हला धावत होते. दिवाळीत सुट्टी मिळाली म्हणून एकदम अंतर वाढवलं. पंधरा दिवसांत उजव्या चवड्यावर, दुसऱ्या बोटाच्या मागे दुखायला लागलं. आधी धावून झाल्यावर, मग धावताना, मग स्वयंपाकघरात उभं राहिलं तरी. एका बोटाने दाखवता येईल इतकीच जागा, रुपयाच्या नाण्याएवढी. एक्स-रे स्वच्छ आला आणि मी आनंदाने परत धावले. तीन आठवड्यांनी पुन्हा काढला तेव्हा हाडाभोवती नवीन हाड धरताना दिसलं, म्हणजे चीर आधीपासूनच होती. स्ट्रेस फ्रॅक्चर. त्या वर्षीची मॅरेथॉन गेली. माझं ड जीवनसत्त्वही खूप कमी निघालं.

सकाळी उठल्यावर पहिल्या चार पावलांना टाचेखाली सुई टोचल्यासारखं होतं आणि चालल्यावर कमी होतं, ते तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं वेगळं. स्ट्रेस फ्रॅक्चर उलट वागतं, चालू तितकं वाढतं.

गिरगावकर

बॉक्स क्रिकेट, रात्री साडेदहा, वय ४३. एक रन चोरायला निघालो आणि मागून कुणीतरी पोटरीखाली दगड मारला असं वाटलं. वळून बघितलं तर कुणी नाही. अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा, तुटला होता. चालता येत होतं, चवडाही थोडा हलत होता, म्हणून दोन दिवस घरी बसलो. डॉक्टरांनी पालथं झोपवलं, पावलं पलंगाबाहेर, आणि पोटरी दाबली. चांगल्या पायाचा चवडा खाली झुकला, दुसरा ढिम्म. ही तपासणी घरचं कुणीही करू शकतं.

परळकर

गिरगावकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन अशी अँटिबायोटिक्स चालू असताना टाचेच्या मागे दुखायला लागलं तर खेळ थांबवून औषध देणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा. त्या औषधांनी हा टेंडन कमजोर होऊ शकतो.

आता व्यायाम. माझ्याकडे येणाऱ्यांत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मुरगळलेले खूप असतात, आणि विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, सूज उतरली म्हणून सोडून दिलं. लिगामेंटमध्ये पाऊल कुठे आहे हे मेंदूला कळवणारे तंतू असतात. पट्टा जुळतो, पण ती जाण आपोआप पूर्ववत होत नाही. पाय वळायला लागलाय हे मेंदूला उशिरा कळतं आणि पाय परत वळतो.

हाड शाबूत आहे हे कळल्यावर दोन-तीन दिवसांतच, पाय उंच ठेवून अंगठ्याने हवेत अक्षरं गिरवा. माझे पेशंट अ ते ज्ञ गिरवतात. भार घेता आला की टॉवेलने चवडा स्वतःकडे ओढणं, मग ओट्याला धरून टाचा उचलणं, आधी दोन्ही, मग एक. मग एका पायावर उभं राहणं. दात घासताना रोज दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभे राहा. जमलं की डोळे मिटून, शेजारी भिंत असू द्या. मग उशीवर. किमान सहा आठवडे, दुखणं थांबलं तरी. खेळायला परतताना वर्षभर घोट्याचा ब्रेस घाला, पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण त्याने खरोखर कमी होतं.

खाजगी फिजिओथेरपी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर इथे विभाग आहेत, हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे. रांग असते, पण शिकवतात मन लावून.

चौथी सीट

बाबांचं कळवतो. एक्स-रे खरंच साधारण ठीक आला होता. तुमचं वाक्य लक्षात ठेवून एमआरआयचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, मी तेच लिहितोय. शार्कोच निघालं, सुरुवातीचं. कमान अजून शाबूत आहे. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलंय, दर आठवड्याला बदलणार, काही महिने चालेल म्हणाले. दुसऱ्या पायाचा तळवा रोज बघायला सांगितलाय, कारण आता सगळा भार त्याच्यावर येणार. आई रोज रात्री मोबाईलचा टॉर्च लावून बघते आणि मला फोटो पाठवते. बाबा अजून रागात आहेत, बाजार बंद झाला म्हणून.

परळकर

दादा, हे वाचून फार बरं वाटलं. प्लास्टर ओलं होऊ देऊ नका. बाजारातून भाजी आणून त्यांच्यासमोर निवडायला ठेवा, मन रमेल.

निवांत

अबोली, शेवटचं एक. बूट निघाल्यावर लोकलने परत कधी जायला लागलीस? माझ्या बहिणीचा बूट पुढच्या आठवड्यात निघतोय आणि ऑफिसातून रोज विचारणा चालू आहे.

अबोली

बूट निघाल्यानंतर अडीच आठवड्यांनी. परळकर ताईंसारख्याच एका फिजिओ ताईंनी मला तीन गोष्टी जमल्याशिवाय जाऊ नको म्हणून सांगितलं होतं: न लंगडता दोन जिने उतरता यायला हवेत, दुखऱ्या पायावर ३० सेकंद न डगमगता उभं राहता यायला हवं, आणि त्या एका पायाची टाच दहा वेळा उचलता यायला हवी. चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं, हे बहिणीला आधीच सांग. पहिले पंधरा दिवस मी सकाळी सव्वासहाची गाडी धरली आणि संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर निघाले. दादरला पूल चुकत नाही, म्हणून कठड्याच्या बाजूने, एका हाताने कठडा धरूनच उतरायचे. बॅग पाठीवर, दोन्ही हात मोकळे. चपला पावसाळाभर बंद, मागून पट्टा असलेल्या सँडल घेतल्या.

पहिल्या दिवशी त्या भाजीवाल्या मावशी दिसल्या. त्यांनी आधी माझ्या पायाकडे बघितलं.